गाठीला लोखंड लागलं

"लोखंड लागलं की गाठ भडकते." सांगली-मिरजेकडे कॅन्सरच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येतं. लोखंड म्हणजे सर्जनची सुरी. माझं त्यावरचं उत्तर ठरलेलं होतं: तसं काही नसतं, घाबरू नका. या प्रकरणातल्या रुग्णाच्या पत्नीने तेच वाक्य म्हटलं तेव्हा मात्र ते उत्तर माझ्या तोंडून निघेना. तिच्या नवऱ्याच्या गाठीला लोखंड लागलं होतं आणि गाठ खरोखरच पसरली होती. ती का पसरली आणि नंतर आवरायला काय काय करावं लागलं, ते इथे सविस्तर लिहितो आहे. रुग्णाची आणि घरच्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

खांद्याचा घट्टा

रुग्ण ५६ वर्षांचे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या टोळीत तीस वर्षं हमाली. हळदीचा हंगाम सुरू झाला की सौदे, तोलाई, गाड्या उतरवणं, गाड्या भरणं हे पार उन्हाळा संपेपर्यंत चालतं. मामा (मी त्यांना पहिल्या दिवसापासून मामाच म्हणतो) पोतं नेहमी उजव्या खांद्यावर घेत. उजव्या फऱ्यावर कातडीखाली सुपारीएवढी गाठ हाताला लागायला लागली तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. मुकादम म्हणाला, पोत्याचा घट्टा आहे. टोळीतल्या बऱ्याच जणांच्या मानेवर आणि खांद्यावर असे उंचवटे असतात. तीस वर्षं ओझं वाहिलेल्या अंगावर ते असणारच, हा त्यांचा अनुभव खोटाही नव्हता.

दीड वर्ष गाठ तशीच राहिली. मग एका हंगामात ती वाढली. सुपारीची झाली लिंबाएवढी, आणि पोतं टेकवलं की खुपायला लागली. दुखत मात्र नव्हती. न दुखणाऱ्या गाठीला आपल्याकडे फार सवलत मिळते. सार्कोमाच्या, म्हणजे मांस, चरबी, हाडं अशा भागांत होणाऱ्या कॅन्सरच्या, बहुतेक गाठी सुरुवातीला दुखत नाहीतच.

मामा एका छोट्या खासगी दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरांनी हात लावून पाहिलं, चरबीची गाठ आहे म्हणाले, आणि जागा बधिर करून वीस-पंचवीस मिनिटांत काढली. सुईची तपासणी नाही, सोनोग्राफी नाही. काढलेली गाठ स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवून मुलाला दाखवली, "बघ, निघाली सगळी," म्हणाले. मग ती पिवळ्या पिशवीत गेली. जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे शरीराचा काढलेला भाग पिवळ्या पिशवीतच जातो, त्यात चूक नाही. पण पिशवीच्या आधी एक बरणी असायला हवी होती, गाठ तपासणीसाठी टिकवून ठेवणाऱ्या फॉर्मालिनची. ती नव्हती. डिस्चार्ज कार्डावर निदान म्हणून एकच शब्द होता: लायपोमा, म्हणजे चरबीची गाठ.

आत निचऱ्याची नळी ठेवली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून टाक्यांखाली रक्त साचलं आणि पाठीवर खालपर्यंत काळं-निळं उतरलं. पंधरा दिवसांत ते ओसरलं, टाके निघाले, आणि महिन्याच्या आत मामा परत पोत्याखाली गेले. पाचव्या महिन्यात जखमेच्या वणाखाली गाठ परत आली. या वेळी एक नव्हती, दोन होत्या.

मुलाच्या मोबाइलमधला फोटो

आमच्याकडे आले तेव्हा वणाखालची मोठी गाठ ४ सेंमी होती. तिच्या खालच्या बाजूला, जिथे रक्त उतरलं होतं तिकडे, दीड सेंमीची दुसरी. दोन्ही कातडीखालीच होत्या, पण मोठी खालच्या आवरणाला धरून बसलेली वाटत होती. काखेत गाठी नव्हत्या. हाताची ताकद, बोटांची संवेदना ठीक.

पहिली अडचण अशी की पहिल्या गाठीबद्दल आमच्याकडे काहीच नव्हतं. तिचं माप, ती फुटली होती की अख्खी निघाली, कडा कशा होत्या, काही कळायला मार्ग नव्हता. मी मुलाला विचारत होतो तेवढ्यात तो म्हणाला, "सर, माझ्याकडं फोटो हाय." ट्रे दाखवला तेव्हा त्याने सहज मोबाइलवर टिपला होता.

तो फोटो मी बराच वेळ मोठा करून पाहत बसलो. चरबीची गाठ कापली की आत पिवळीधमक असते, लोण्यासारखी तुकतुकीत, हाताला तेलकट. ट्रेमधली गाठ पिवळी नव्हतीच. करडी, अर्धपारदर्शक, शिजवलेल्या साबुदाण्यासारखी चकाकणारी, आणि दोन तुकड्यांत. एक कड फाटलेली दिसत होती. त्या फोटोवरून निदान करता येत नाही, करूही नये. पण ही चरबी नव्हती, एवढं सांगायला सूक्ष्मदर्शक लागत नव्हता. ट्रेमध्ये ती पडली होती तेव्हाच हे दिसायला हवं होतं.

मोठ्या माणसांच्या कॅन्सरमध्ये सार्कोमाचं प्रमाण साधारण एक टक्का. अंगावरच्या मऊ गाठींमध्ये साध्या गाठी सार्कोमाच्या शंभरपट सापडतात. म्हणूनच गफलत होते. नव्व्याण्णव वेळा हाताने सांगितलेलं निदान बरोबर येतं, आणि प्रत्येक बरोबर आलेल्या निदानागणिक तपासायला पाठवण्याची सवय थोडी थोडी सुटत जाते. पाच सेंमीपेक्षा मोठी, वाढणारी, स्नायूच्या आवरणाखाली गेलेली, किंवा काढल्यावर परत आलेली गाठ: यातली एकही खूण असली तर सुरीला हात लावायच्या आधी स्कॅन आणि बायोप्सी हवी. मामांची गाठ पहिल्या खेपेलाच एका हंगामात दुप्पट-तिप्पट झाली होती. ती एक खूण पुरेशी होती.

त्या डॉक्टरांना मी फोन केला. दोष द्यायला नाही, शस्त्रक्रियेत काय दिसलं ते विचारायला. त्यांनी सगळं सांगितलं: बोट फिरवलं तशी गाठ सुटत आली, शेवटी एका बाजूला फाटली, ती बाजू चिमट्याने साफ केली. मग थोडं थांबून म्हणाले, "पाठवू या म्हटलं की पेशंट म्हणतो, साधी गाठ आहे ना, मग आणखी खर्च कशाला?" हे मला ठाऊक आहे. कॅन्सरच्या शाखेकडे वळण्याआधी मी तालुक्याच्या गावी सर्वसाधारण सर्जन म्हणून काम करायचो. तेव्हा मीही गाठी काढल्या आहेत आणि सगळ्याच पाठवलेल्या नाहीत. त्यातल्या कुणाच्या गाठीत काय होतं, ते आता कधीच कळणार नाही. हा विचार मामांच्या प्रकरणानंतर मला अनेक रात्री आला.

शेंग, दाणा आणि टरफल

एमआरआयमध्ये दोन्ही गाठी पांढऱ्याशुभ्र उजळल्या. मोठ्या गाठीपासून फऱ्यावरच्या स्नायूच्या आवरणावरून एक बारीक पांढरी रेघ निघून जवळजवळ ३ सेंमी पुढे गेली होती. या रेघेला शेपूट म्हणतात आणि विशिष्ट सार्कोमांमध्ये ती बऱ्याचदा दिसते. हाताला लागणारी गाठ जिथे संपते तिथे रोग संपत नाही, तो आवरणावरून तेलाच्या डागासारखा सरकतो.

सार्कोमा पसरतो तो मुख्यतः रक्तातून आणि बहुतेक वेळा फुप्फुसात, म्हणून छातीचं सीटी स्कॅन केलं. उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात ४ मिमीचा एक ठिपका होता. इतका लहान ठिपका जुन्या संसर्गाचाही असू शकतो, त्याची बायोप्सी करता येत नाही, आणि त्याच्यासाठी उपचार थांबवणंही बरोबर नाही. तीन महिन्यांनी पुन्हा पाहायचं ठरलं. घरच्यांना हे समजावणं सगळ्यात जड गेलं. "हाय का न्हाई ते सांगा," असं मुलगा पुन्हा पुन्हा म्हणत होता, आणि मला "माहीत नाही" एवढंच सांगता येत होतं.

मग बायोप्सी. इथेच मामी बोलल्या. इतका वेळ त्या दाराशी कागदांची प्लास्टिकची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"डॉक्टर, खरं सांगा. लोखंड लावलं म्हणूनच भडाकलं न्हवं?"

मी म्हणालो, "हो मामी. पहिल्या कापण्याने ती पसरली, हे खरं आहे."

खोलीत कुणी काही बोललं नाही. मग मी कागद ओढला आणि चित्र काढून दाखवलं. भुईमुगाची ओली शेंग घ्या. सार्कोमा वाढताना भोवतालच्या मांसाला रेटत जातो, ते दबून त्याच्याभोवती टरफल तयार होतं. सर्जनचं बोट आत गेलं की गाठ शेंगेतून दाणा निसटावा तशी अलगद बाहेर येते. किती छान सुटली, असं वाटतं. पण हे टरफल खोटं असतं, त्यात आणि त्याच्या बाहेरही गाठीच्या पेशी असतात. दाणा ट्रेमध्ये आला, टरफल मामांच्या पाठीत राहिलं. वर रक्त साचलं, आणि रक्त जिथवर उतरलं तिथवर पेशी गेल्या. अशा न तपासता काढलेल्या गाठींच्या जागी पुन्हा शस्त्रक्रिया केली की तिसऱ्या हिश्शापासून निम्म्याहून अधिक रुग्णांमध्ये शिल्लक रोग सापडतो, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे.

"मग कापलंच नसतं तर?"

"तर ती आतल्या आत वाढली असती आणि फुप्फुसात गेली असती. लोखंड लावायलाच हवं होतं, मामी. आधी सुई घालून ती कोण आहे ते विचारायला हवं होतं, आणि शेंग टरफलासकट, भोवतालच्या मातीसकट उपटायला हवी होती."

"आणि सुईनं न्हाई पसरत?"

सुईचा मार्ग सरळ असतो, एका रेघेचा. ती कुठून घालायची हे शस्त्रक्रिया करणाऱ्यानेच ठरवलं, तर ती रेघ पुढे काढायच्या भागातच येते आणि गाठीबरोबर निघून जाते. म्हणून सुई आम्ही जुन्या वणातूनच घातली. १४ गेजची ट्रू-कट सुई, पाच तुकडे, प्रत्येक तुकडा शेवयाच्या काडीएवढा. मामी बाहेर थांबल्या होत्या. मी बाटली नेऊन दाखवली: हे तपासायला चाललं आहे. त्यांनी बाटलीवरचं नाव वाचून घेतलं.

अहवाल आला: मायक्सोफायब्रोसार्कोमा, मध्यम प्रत, म्हणजे तीनपैकी दोन. पन्नाशी-साठीनंतर हातापायांवर आणि खांद्यावर होणारा, बऱ्याचदा कातडीखालीच वाढणारा, वरून चरबीच्या गाठीसारखा दिसणारा, आणि जागेवर परत परत येण्यासाठी कुप्रसिद्ध. सार्कोमाचे प्रकार पुष्कळ आणि ते ओळखायला रोजचा सराव लागतो, म्हणून तुकड्यांचे मेणातले ब्लॉक मुंबईला दुसऱ्या मतासाठी पाठवले. तेही जुळलं. यात बारा दिवस गेले. घरच्यांना ते वाया गेल्यासारखे वाटले. मला नाही वाटले: याच दिवसांत मामांची साखर इन्सुलिनने ताळ्यावर आणली आणि तंबाखू सोडवली. तंबाखू-चुना सोडणं हमालासाठी काय असतं हे त्यांच्याबरोबर दोन दिवस बसल्याशिवाय कळत नाही. पण पुढे जे करायचं होतं त्यात पाठीवरची कातडी उचलून दुसरीकडे लावायची होती, आणि तंबाखूतलं निकोटिन नेमकं त्या कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतं.

हात राहणार का

मुलाने बाहेर गाठून विचारलं, "हात काढावा लागंल का?" त्याने कुणाकडून तरी ऐकलं होतं. ऐकलेलं जुन्या काळात बरोबर होतं. हातापायाच्या सार्कोमाला पूर्वी अवयव तोडणं हाच उपचार मानला जाई, आणि मामांसारखी खांद्यावर गाठ असती तर फऱ्यासकट अख्खा हात गेला असता. ते बदललं अमेरिकेतल्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेच्या एका लहानशा चाचणीने, जी १९८२ साली प्रसिद्ध झाली. रुग्ण फक्त ४३. त्यातल्या १६ जणांचा अवयव काढला, २७ जणांचा राखून गाठ रुंद कडेसह काढली आणि मग रेडिएशन दिलं. राखलेल्यांपैकी चौघांना जागेवर रोग परत आला, पण जगण्यात दोन्ही गटांत फरक पडला नाही. आज आम्ही जे हात-पाय राखतो त्याच्या मुळाशी ही ४३ माणसं आहेत.

रेडिएशन आधी द्यायचं की नंतर, यावर आमच्या बैठकीत बराच वाद झाला. आधी दिलं तर डोस कमी लागतो, ५० ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं माप), आणि क्षेत्रही लहान राहतं. पण २००२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या चाचणीत आधी रेडिएशन दिलेल्यांपैकी ३५ टक्के रुग्णांना जखमेची मोठी गुंतागुंत झाली, नंतर दिलेल्यांपैकी १७ टक्क्यांना. रेडिएशनतज्ज्ञांचा कल आधी देण्याकडे होता आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं: नंतर दिलं की सांधा जास्त आखडतो. माझा कौल आधी शस्त्रक्रियेला होता. मधुमेह, खांद्यावर रोजचा भार पेललेली कातडी, आणि जखम चिघळली तर महिनोन्‌महिने घरी बसावं लागणारा रोजंदारीचा माणूस. शेवटी शस्त्रक्रिया आधी असं ठरलं. दुसऱ्या चांगल्या केंद्रात उलटं ठरलं असतं आणि तेही योग्यच असतं. केमोथेरपी या प्रतीच्या, वरवरच्या गाठीत नक्की फायद्याची नाही, म्हणून ती ठेवली नाही.

केशरी रेशनकार्ड होतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत प्रकरण बसलं. योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राने कागद मागितले तेव्हा पहिला कागद बायोप्सीचाच लागला. मामींनी तो पिशवीतून काढून दिला आणि झेरॉक्स झाल्यावर मोजून परत घेतला.

शस्त्रक्रिया

आदल्या संध्याकाळी मामांना उभं करून पाठीवर खुणा केल्या. झोपल्यावर कातडी सरकते, हात खाली सोडून उभं असताना गाठ कुठे आहे ते खरं कळतं. जुना वण, दोन्ही गाठी, सुईचं छिद्र, एमआरआयमधली शेपटी, आणि रक्त उतरलं होतं तो भाग. त्या काळ्या-निळ्याच्या हद्दीबद्दल मामींना विचारलं. त्यांनी मामांच्या पाठीवर बोट फिरवून दाखवलं, "हितवर." सहा महिने झाले होते तरी त्यांच्या बोटाला शंका नव्हती. मी त्याच रेघेवर पेन ओढलं.

दुसऱ्या दिवशी डाव्या कुशीवर झोपवून साडेचार तासांची शस्त्रक्रिया. काढलेला तुकडा कातडीवर १३ गुणिले ९ सेंमी. आतल्या, खोल बाजूला फऱ्यावरच्या इन्फ्रास्पायनेटस स्नायूचं आवरण अख्खं आणि त्याखालचा स्नायूचा पातळ थर, बाहेरच्या बाजूला खांद्यावरच्या डेल्टॉइड स्नायूच्या मागच्या कडेचा थोडा भाग. अशा शस्त्रक्रियेचा नियम असा की गाठ दिसताच कामा नये. गाठ दिसली तर आपण चुकीच्या जागी आहोत. आम्ही चालत होतो ते सगळं निरोगी मांसातून, गाठीला वेढा घालत. आवरण हे चांगलं धरण असतं. ते न फाटता तुकड्याबरोबर आलं तर खोलीच्या बाजूला थोडी कमी जाडीही चालते.

तुकडा बाहेर आल्यावर त्याला दोन रेशमी धागे बांधले, आखूड धागा वरच्या बाजूला आणि लांब धागा बाहेरच्या बाजूला. पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर तो तुकडा पाठीपासून तुटलेला असतो, वर-खाली कळायला दुसरी खूण नसते. कड जवळ आली तर कुठली कड, हे त्या दोन धाग्यांवरून ठरतं. मग दहा टक्के फॉर्मालिन, तुकड्याच्या दसपट, झाकणाच्या बादलीत. बादली लॅबला गेल्याची सही झाली तेव्हाच मी हातमोजे बदलले.

खड्डा भरायला मांडीची पातळ कातडी लावता आली असती. सोपं, पाऊण तासाचं काम. पण पातळ कातडीवर रेडिएशन नीट सोसत नाही, आणि त्या खांद्यावर पुन्हा कधी दोरी जरी घासली तरी ती फाटली असती. म्हणून प्लास्टिक सर्जननी पाठीचा लॅटिसिमस डॉर्साय हा रुंद चपटा स्नायू वरच्या कातडीसकट उचलला, काखेतून येणारी त्याची रक्तवाहिनी देठासारखी शाबूत ठेवली, आणि देठासकट पान फिरवावं तसा तो खांद्यावर आणून बसवला. या स्नायूची थोडी ताकद जाते. ओढायला आणि वर चढायला तो लागतो. हमालाच्या अंगातून तो घेताना आम्ही दोघांनीही दोनदा विचार केला. खड्ड्याच्या कडांना टायटेनियमच्या बारीक क्लिपा लावल्या, म्हणजे रेडिएशन देणाऱ्याला जागा स्कॅनवर दिसते. या वेळी निचऱ्याच्या दोन नळ्या होत्या, दोन्ही टाक्यांच्या रेघेलगत बाहेर काढलेल्या, म्हणजे पुढे काही निघालं तरी त्यांचे मार्ग काढता येतात.

पहाटे अडीचला निवासी डॉक्टरचा फोन आला: फ्लॅपचं, म्हणजे फिरवून बसवलेल्या स्नायू-कातडीचं, टोक निळसर दिसतंय. मी पोचलो तेव्हा टोकाला दोन बोटं रुंदीची जांभळट छटा होती. बोटाने दाबलं तर रंग फार पटकन परत येत होता, आणि सुई टोचली तर काळसर रक्त. म्हणजे रक्त आत येत होतं, बाहेर जायला अडत होतं. कारण समोरच होतं: मामा झोपेत कूस बदलून उजवीकडे कलंडले होते आणि काखेतला देठ बँडेजखाली दबला होता. बँडेज कापलं, टोकाचे तीन टाके काढले, हाताखाली उशी देऊन काख मोकळी केली, आणि शेजारी स्टूल टाकून बसलो. तासाभरात जांभळा रंग गुलाबीकडे वळला. मामी दुसऱ्या स्टुलावर होत्या. पहाटेपर्यंत त्यांनी मामांना कूस बदलू दिली नाही.

पुढे पाठीवर, जिथून स्नायू घेतला तिथे, पाणी साचलं. या फ्लॅपनंतर ते नेहमीचं. तीनदा सुईने काढलं, मग थांबलं.

अहवाल दहाव्या दिवशी आला. शिल्लक गाठ ४.५ सेंमी, दुसरी १.५ सेंमी, आणि या दोघींच्या मधे, डोळ्यांना न दिसणारे, आवरणावरून सरकलेले पेशींचे पुंजके. रक्त उतरलेल्या भागातही एक पुंजका, मामींच्या बोटाने आखलेल्या हद्दीच्या आत. सगळ्या कडा मोकळ्या. सगळ्यात जवळची खोलीकडची, ६ मिमी, मधे अखंड आवरण.

नंतर

पाचव्या आठवड्यात मिरजेत रेडिएशन सुरू झालं. ६० ग्रे, ३० बैठका, सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे. मामा सांगलीहून बसने यायचे. चौथ्या आठवड्यात कातडी काळवंडून सोलली, पण बैठक एकही चुकली नाही. तीन महिन्यांनी छातीचं सीटी: ठिपका ४ मिमीच.

खांद्याचे व्यायाम ते मन लावून करत. भिंतीवर बोटांनी चढत जायचं आणि पोचलेल्या उंचीला खडूची रेघ मारायची. घरच्या भिंतीवर त्या रेघा अजून आहेत. हात आता डोक्याच्या थोडा वर जातो. पूर्ण नाही. पोतं मात्र त्या खांद्यावर पुन्हा घ्यायचं नाही, हे मला स्पष्ट सांगावं लागलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि बराच वेळ हाताकडे पाहत राहिले. हमालाला हे वाक्य ऐकायला लागणं ही शस्त्रक्रियेइतकीच मोठी गोष्ट आहे आणि आमच्या कागदांत त्यासाठी रकाना नसतो. टोळीने त्यांना सोडलं नाही. मुकादमाने त्यांना काट्यावर घेतलं. वजन लिहायचं, पोत्यांची तोंडं शिवायची. मिळकत कमी झाली आहे, पण हंगाम चुकलेला नाही.

तपासणी दर तीन-चार महिन्यांनी. खांद्याचा एमआरआय सहा महिन्यांनी, छातीही त्याच वेळी. आज २६ महिने झाले. जागेवर रोग नाही. ठिपका तेवढाच. मायक्सोफायब्रोसार्कोमा उशिराही परततो, म्हणून पाच वर्षं अशीच नजर ठेवायची आणि नंतर वर्षातून एकदा.

मधे एकदा, विसाव्या महिन्यात, मामा ठरल्या तारखेच्या आधीच आले. फ्लॅपच्या कडेला हरभऱ्याच्या दाण्याएवढं काहीतरी टणक हाताला लागत होतं. मामींनी आंघोळ घालताना शोधलं होतं. मी हात लावला. टाक्याच्या धाग्याभोवती अशी गुठळी होते, बहुतेक तेच आहे असं मला वाटलं आणि तसं मी म्हणालोही.

मामी म्हणाल्या, "बहुतेक नको. सुई घाला."

सोनोग्राफीखाली सुई घातली. चार दिवसांनी अहवाल आला: जुन्या टाक्याभोवतीची गुठळी, कॅन्सरच्या पेशी नाहीत. मी फोनवर सांगितलं तरी मामी दुसऱ्या दिवशी कागद न्यायला आल्या. तो त्यांनी माझ्यासमोर वाचला, दोनदा घडी घातली आणि पिशवीत तारखेप्रमाणे, शस्त्रक्रियेच्या अहवालामागे ठेवला.